बर्फखान्यातला मरळ

धरणाच्या काठच्या भोईवाडीत नागनाथला नावानं हाक मारणारे एकटे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माणिकराव होते; बायको केशरबाई रीतीप्रमाणे नाव घेत नसे. बाकी सगळ्यांचा तो बर्फवाला. पंधराव्या वर्षापासून बापाच्या होडीत बसलेला, पाण्यावर नुसता तरंग बघून खाली रोहू आहे की कटला ते सांगणारा हा माणूस. पण सोसायटीनं काठावर मासा गोठवून ठेवायला बर्फखाना बांधला आणि वाडीत सातवी शिकलेला हा एकटाच निघाला. त्याला महिनाभर मुंबईला शिकायला पाठवलं. परत आला तो खिशात पाना घेऊन, आणि त्यानंतर त्यानं जाळ्याला हात लावला नाही.

बर्फखान्यानं वाडीचं भलं केलं हे खोटं नाही. आधी उन्हाळ्यात दुपार झाली की मासा डोळे पांढरे करायचा. परभणीहून बर्फाची लादी मागवावी तर येईपर्यंत तिचं पाणी झालेलं. जिंतूरचा व्यापारी नाक दाबून भाव सांगायचा आणि तो मुकाट्यानं घ्यावा लागायचा. आता मासा थांबू शकत होता. नामांतराच्या त्या वर्षांत कधी परभणी बंद, कधी जिंतूर बंद. आठ-आठ दिवस ट्रक फिरकायचा नाही. तरी माल आत कडक राहायचा. माणिकराव पाहुण्यांना घेऊन यायचे, दरवाजा उघडायला लावायचे आणि म्हणायचे, "ह्यो नागनाथ हाय म्हणून आमची सोसायटी हाय."

असं कुणी चारचौघांत म्हटलं की माणूस फुगतो. नागनाथही फुगला. आणि फुगता फुगता कधी अडकला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

कारण लाईट. लाईट रोज जायची, आणि ती गेली की डिझेलचं इंजन चालू करायला नागनाथच लागायचा. हाताखाली सूर्यभान नावाचा एक माणूस सोसायटीनं दिला होता, पण त्याला इंजनाचं हँडल मारता येत नव्हतं. येणार कुठून? नागनाथनं त्याला शिकवलंच नव्हतं. "लय धोक्याचं काम हाय, मनगट मोडंल," असं सांगून त्यानं सूर्यभानला कायम खोकी मोजायला लावलं. खरं कारण वेगळं होतं. आपल्यावाचून अडतंय यात जी गोडी होती ती त्याला वाटून घ्यायची नव्हती. मग त्या गोडीची किंमतही एकट्यानंच भोगावी लागली. बायनाबाई, त्याची सख्खी बहीण, पेडगावला दिली होती. तिच्या घराची वास्तुशांती झाली, नागनाथ गेला नाही. मुलीच्या, दैवशालाच्या लग्नात तर कहरच झाला. अंतरपाट धरलेला, भटजी 'सावधान' म्हणताहेत आणि मांडवातले दिवे गेले. वऱ्हाडी हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिवे परत आले तेव्हा मुलीचा बाप मांडवात नव्हता. अक्षता पडल्या त्या वेळी तो बर्फखान्यात हँडलला लोंबकळत होता.

दैवशाला बोरीला दिली होती. तिच्या सासरचे दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परतत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून फाल्गुनातच ती कोयता-टोळीवरून परस्पर वाडीला आली. हात कोयत्यानं चिरलेले आणि अंगावर मांस असं नव्हतंच. जावई चंद्रभान तिला सोडायला आला होता, जाताना खाली मान घालून म्हणाला, "मामी, दसऱ्याला टोळी निघंल. तवर तिला उभी करा. पुढल्या साली तिच्याबिगर आमचा कोयता अर्धाच ऱ्हातो." बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम तसाच करार करतो.

भोयांच्या घरात बाळंतिणीला उभं करायची एकच रीत: मरळ. मरळ हा चिवट मासा, पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेणारा, ओल्या पोत्यात गुंडाळला तरी दिवसभर जिवंत राहणारा. माहेरची माणसं तो जिवंत धरून आणतात, माजघरातल्या रांजणात धरणाचं पाणी भरून त्यात सोडतात, पाणी बदलतात, गांडूळ घालतात. अधूनमधून तो वर येऊन हवा घेतो तेव्हा रांजणात गपकन् आवाज होतो. पोरगी बाळंत झाली की चुलीवर पाणी ठेवायचं आणि मगच मासा रांजणातून काढायचा. केशरबाईच्या वेळी तिच्या सासूनं, धुरपदाबाईनं, असाच मरळ पाळला होता. दैवशाला आली त्याच आठवड्यात नागनाथचा धाकटा भाऊ वैजीनाथ दोन मोठे मरळ जिवंत घेऊन आला, आणि केशरबाईनं रांजण घासूनपुसून तयार ठेवला होता.

नागनाथनं ते बघितलं आणि त्याला हसू आलं.

"तीन म्हैने ह्येला गांडुळं चारीत बसणार? अन् मधीच मेला तर?"

"न्हाई मरत. आत्याबाईनं ठिवला व्हता की."

"आईच्या टायमाला बर्फखाना व्हता का? अगं, आत ठिवला की जसा हाय तसा ऱ्हातो. तीन म्हैने काय, साल गेलं तरी कालच धरल्यावानी. मंबईला जहाजंच्या जहाजं तसाच मासा खातेत."

वैजीनाथ म्हणाला, "दादा, वहिनी म्हणायलीय तर ऱ्हाऊ दे की रांजणात."

"तुमी आडाणीच ऱ्हा," नागनाथ म्हणाला. दारात वाडीच्या चार बाया उभ्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाला. त्यानं दोन्ही मरळ उचलले, आणखी चार वैजीनाथकडून मागून घेतले, साफ केले, तुकडे केले आणि चेअरमनना विचारून बर्फखान्यात उजव्या कोपऱ्यात वरच्या फळीवर ठेवले. रिकामा रांजण केशरबाईनं पालथा घातला. त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही.

मुंबईच्या मास्तरांनी खरं तर सगळं नीट सांगितलं होतं. मासा थंडीत सडत नाही, पण थंडी दाखवणारा काटा एका जागी राहिला पाहिजे. तो रोज वर-खाली झाला, की मासा थोडा सुटतो, पुन्हा गोठतो, आणि दर वेळी त्याच्या अंगातलं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर त्याचा कस जातो. उघडा राहिला तर चरबी खवट होते. प्रथिनं बरीचशी राहतात, पण खाणाऱ्याच्या अंगी लागायला मासा आधी खाववला पाहिजे, असं म्हणून मास्तर हसले होते. नागनाथनं यातलं पहिलं वाक्य तेवढं गाठीला बांधून आणलं. मासा सडत नाही. बाकीचं मुंबईसाठी असेल, असं त्यानं धरलं. जिथं लाईट जात नाही तिथं हे विसरलं तर एक वेळ चाललं असतं. लाईट रोज जाणाऱ्या गावातल्या माणसानं असा उलटा हिशोब करावा, याला काय म्हणायचं?

ज्येष्ठ संपता संपता दैवशाला बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, रक्त बरंच गेलं. पोरगी पांढरीफटक पडून राहिली आणि दूध काही उतरेना. बाळ चोखून चोखून थकायचं आणि मग रडायचं, ते रडणं वाडीच्या त्या टोकापर्यंत ऐकू यायचं. शेजारची सुलाबाई आपलं पोर पाजून झालं की येऊन त्या बाळाला पाजून जायची. पण ती किती दिवस पुरणार?

नागनाथ रोज सकाळी त्या फळीवरून मरळाचे तुकडे काढायचा आणि स्वतः घरी आणून द्यायचा. केशरबाई ते पाण्यात टाकून सोडवायची, पाणी ओतून द्यायची आणि रस्सा करायची. मासेमारीच्या बंदीचे दिवस होते, मासे विणीला आलेले, जाळी सगळ्यांची आढ्याला टांगलेली. वाडीत दुसऱ्या कुणाच्या घरी मासा नव्हता. नागनाथची छाती त्यामुळे आणखीच फुगलेली. संध्याकाळी लाईट असेल तर तो घडीभर घरी यायचा, बाजेच्या पायथ्याशी बसायचा आणि विचारायचा, "कसा लागला गं?"

दैवशाला म्हणायची, "लय गोड लागला, बाबा."

"कालच धरल्यावानी का न्हाई?"

"व्हय, बाबा."

केशरबाई चुलीपाशी भांडी जोरात आपटायची. नागनाथला वाटायचं, हिचा राग अजून गेला नाही.

पंधरा दिवस असेच गेले. पोरीच्या अंगावर काही दिसेना. उलट डोळे आत चालले. नागनाथनं तुकडे वाढवले, दोनाचे चार केले. ती तेही खायची, आणि तो खुशीत मशीनीकडे परतायचा.

मग एका दुपारी डब्यांची अदलाबदल झाली. बाळ रडत होतं, केशरबाईला घाई झाली, आणि नागनाथचं जेवण न्यायला आलेल्या सूर्यभानच्या हाती तिनं पिठल्याच्या डब्याऐवजी दैवशालासाठी रस्सा काढून ठेवलेला डबा दिला. नागनाथनं भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि मरळाचा तुकडा तोंडात घातला.

दाताखाली तो माशासारखा लागेचना. चोथा होता. चावला की पचकन पाणी सुटायचं आणि मग कापसाचा बोळा तोंडात राहायचा. रश्शाला मिरची-लसणाच्या आडून खवट तेलाचा वास होता, जिभेच्या मागे कडू चव राहिली होती. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याकाठी भाजून मरळ खाल्ला, त्याला हे कळायला दुसरा घास घ्यावा लागला नाही. त्यानं तो तुकडा हातावर काढला आणि बघत बसला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. फळीवरून काढताना त्या रोज दिसायच्या, पण बर्फाचा रंग असेल असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

हे ती पोरगी पंधरा दिवस खात होती. ओकारी दाबून, चार-चार तुकडे, आणि वर "लय गोड लागला, बाबा" म्हणत होती. का, तर बापानं तिच्यासाठी जपून ठेवलं होतं म्हणून. नागनाथनं डबा झाकला आणि उठला.

घरी जाऊन त्यानं केशरबाईला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"वास घरभर सुटतोय, नाक हाय मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तीच म्हणली, आई, बाबाला सांगू नगस. बाबा लय हौसंनं आणायलेत." केशरबाईनं पदर तोंडाला लावला. "अन् तुमाला सांगून तुमी कवा ऐकताव?"

नागनाथला आता एकच गोष्ट हवी होती, एक जिवंत मरळ. बाळंतिणीसाठी बंदीत कुणी एखादा गळ टाकला तर वाडी डोळेझाक करते, पण टाकणार कोण? वैजीनाथ पुलाच्या कामावर नांदेडकडे गेलेला. वाडीत दुसऱ्या कुणाला सांगावं तर त्याच बाया दारात उभ्या राहणार, ज्यांच्यादेखत त्यानं रांजणाला हसून घेतलं होतं. तो चेअरमनकडे गेला.

"एक दिवसाची सुट्टी पायजे, साहेब."

माणिकरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नागनाथ, बंदीआधीचा सगळ्या वाडीचा माल आत हाय. परवा ट्रक येणार. तू गेलास अन् लाईट गेली, मग? तुझ्याबिगर हाय कोण इंजन लावणारं?"

तेच वाक्य. इतकी वर्षं ते ऐकून तो सुखावला होता, आज त्याच वाक्यानं त्याचे पाय बांधले. "सूर्यभानला शिकवतो," तो म्हणाला. "एका दिवसात?" माणिकराव हसले, आणि हसले तेही प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नागनाथ निघाला. सूर्यभानला एवढंच सांगितलं, "बसून ऱ्हा. लाईट गेली तर मला हुडकाय पळ, मी बाभळीच्या वळणाला हाय." गळ घेतला, डब्यात दोन बेडक्या घेतल्या आणि धरणाचं पाणी जिथं शेतांच्या बांधापर्यंत चढलं होतं तिथं जाऊन बसला. किती वर्षांनी तो असा नुसता पाण्याकडे बघत होता! पाठीमागं मशीनीची घरघर नव्हती, तरी त्याचे कान तीच शोधत होते.

घडीभरानं गवताच्या कडेला पाणी तांबूस दिसलं. मरळाची पिल्लं. शेकडो लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदत होता आणि त्याच्या खाली काळी लांब सावली स्थिर उभी होती. मोठा मरळ, हाताच्या अंतरावर. पिल्लांवरचा मरळ अंगावर धावून येतो. बेडकी नुसती दाखवली असती तरी त्यानं गळ गिळला असता. पण पिल्लांवरचा मरळ भोई धरत नाही. आई-बाप गेले की पिल्लांना दुसरे मासे दिवसभरात संपवतात. नागनाथनं गळ पाण्याबाहेर धरून ठेवला. मनात आलं, माझं लेकरू तिकडं बाजेवर पडलंय, मला कसली रीत? पण घरातही एक पिल्लू आईच्या अंगाला चिकटून रडत होतं. त्याच्यानं गळ टाकवला नाही. तो उठला आणि वळणाच्या पार पलीकडं, बांधाच्या दुसऱ्या अंगाला गेला.

तिथं दुपार टळली. एकदा ओढ लागली आणि सुटली. सूर्य कलल्यावर दुसरी बेडकी कुणीतरी गपकन् घेतली, दोरी ताणली, आणि कोपरापर्यंत येईल एवढा मरळ चिखलात उड्या मारू लागला. नागनाथनं त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि मान वर केली. समोरच्या काठावर बर्फखान्याच्या छपरावरचा तांबडा दिवा दिवसाही दिसायचा. तो बंद होता.

तो धावला. बाभळीच्या वळणाला सूर्यभान रडकुंडीला येऊन उभा होता. "सकाळीच गेली लाईट! तुमी म्हणले तिथं दोनदा येऊन गेलो, तुमी न्हाईच. मी परत जाऊन बगायचो, माल बरा हाय का. सारखा दरवाजा उघडून बगत व्हतो, दादा."

सारखा दरवाजा उघडून. त्याला रागवायलाही तोंड नव्हतं. दरवाजा उघडू नये हे तरी त्याला कुणी सांगितलं होतं? नागनाथनं पोतं त्याच्या हाती दिलं. "केशरबाईकडं पळ. म्हणावं, रांजणात सोड." इंजन लावलं, मग आत गेला. पुढच्या रांगांतले रोहू-कटला बोटानं दाबले की खळगा पडत होता. खोक्यांतून लालसर पाणी गळून जमिनीवर वाहत होतं, त्याच्या पायांना लागत होतं. त्यानं ते झाडून बाहेर काढलं. मागं इंजन धडधडत होतं, काटा हळूहळू उतरत होता आणि मऊ पडलेला मासा पुन्हा दगड होत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशरबाईनं चुलीवर पाणी ठेवलं आणि मग रांजणात हात घातला. नागनाथ मशीन सोडून घरी आला. या वेळी सूर्यभानच्या हातात हँडल देऊन, दोनदा मारून दाखवून आला. दैवशालाच्या पुढ्यात रस्सा आला. ती उठून बसली, जेवू लागली. तो पायथ्याशी बसला होता. विचारू नये असं त्यानं ठरवलं होतं, पण तोंडून गेलंच.

"कसा लागला गं?"

"लय गोड लागला, बाबा."

तेच शब्द, तोच आवाज. त्याला काही उमगेना. ही पोरगी बापासाठी विषसुद्धा गोड म्हणून खाईल. तेवढ्यात दैवशालानं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि चुलीकडे सरकवलं.

"आई, अजून हाय का गं?"

पंधरा दिवसांत तिनं एकदाही पुन्हा मागितलं नव्हतं. नागनाथ उठून अंगणात गेला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुढं आठवड्याभरात दूध उतरलं. मरळामुळं की आपसूक, देव जाणे. केशरबाई मरळामुळंच म्हणते.

पण हे पुढचं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी ट्रक आला. माणिकरावांनी एक कटला उचलला आणि खोक्यावर ठक् ठक् आपटून व्यापाऱ्याला दाखवला. "बगा, दगड हाय दगड! आमचा नागनाथ हाय म्हणून." वाडीची सगळी माणसं भोवती उभी होती, चार महिन्यांची मेहनत त्या खोक्यांत होती, आणि पोळ्यापर्यंतचं जेवणही त्यातच होतं. व्यापारी नागनाथकडे वळला. "बर्फवाले, तुमी सांगा. माल कसा हाय?"

नागनाथला ते लाल पाणी दिसलं. हे खोकं उद्या कुठल्या गावी फुटेल, कुठली आई ते पाण्यात सोडवेल, कुठल्या बाजेवरची पोरगी तो चोथा बापाच्या हौसेखातर गिळेल, तेही दिसलं. त्यानं वाडीच्या माणसांकडे बघितलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"लय चांगला हाय," तो म्हणाला. "कालच धरल्यावानी."

ट्रक गेला. माणसं हसतबोलत घरोघर पांगली. लाईट गेली, आणि नागनाथ आत जाऊन हँडलला लागला.